मायनस कुठं मारलास?

भाच्याने डिकी उघडली आणि पुढचं काही सांगायची गरज उरली नाही. वास आधीच येऊन पोचला होता. तापलेल्या लाखेसारखा, जळक्या वॉर्निशचा, थोडा गोडसर; एकदा नाकात बसला की दोन दिवस न उठणारा. मे महिना संपत आला होता. परसात फणस फुटून पडला होता, शेजारच्या गडग्यावर जवळा सुकत घातला होता, आणि त्या सगळ्यातूनही हा एक वास मामाला वेगळा काढता आला. वूफरची कॉइल जळाली होती.

“दहाच दिवस झाले, मामा. दुकानवाला म्हणतो पीसच खराब आला असेल.”

त्याने उत्तर दिलं नाही. बारा इंची वूफरच्या काळ्या कोनावर दोन्ही हातांची बोटं टेकवून हलकेच दाबलं. आत खरखर लागली. चांगल्या वूफरचा कोन न कुरकुरता आत जातो आणि तसाच परत येतो. इथे तारेवरचं वॉर्निश उकळून फुगलं होतं आणि चुंबकाच्या फटीत, जिथे नखाएवढीही मोकळी जागा नसते, तिथे कॉइल घासत होती. मीटर लावला. चार ओहमचा वूफर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. हा दीड दाखवत होता.

पीस चांगला होता. दहा दिवसांत त्याला कशाने तरी जाळलं होतं, आणि ते शोधायचं तर वूफरकडे बघून उपयोग नव्हता. त्याने डिकीतलं कार्पेट उचललं. सीटच्या पायाजवळ अँपची काळी वायर एका बोल्टखाली दाबलेली होती. बोल्टभोवती पांढरट हिरवी भुकटी जमली होती, आणि वायरच्या टोकाच्या लगखाली गाडीचा रंग होता तसाच चकचकीत होता.

तीस वर्षं मागे जायला तेवढं पुरलं.

१९९६ चा पावसाळा होता. त्याच्या स्वतःच्या मामाची मारुती ओम्नी रत्नागिरी ते पावस अशी दिवसाला चार-पाच खेपा करायची. भाट्याचा पूल, फणसोप, गोळप, पावस. गाडीत टेप होता. मामाला गाणं लागायचंच, आणि त्याचं म्हणणं असं की आपल्या टेपला पोट नाही. बेसला त्याच्याकडे हाच शब्द होता, पोट. तेव्हा तो स्वतःच भाचा होता, सतरा वर्षांचा. त्याने मग मुंबईला जाणाऱ्या एकाकडे पैसे दिले आणि लॅमिंग्टन रोडवरून एक जुना अँप आणि दहा इंची वूफर मागवला. डबा त्याने घरीच ठोकला. वायरी स्वतःच ओढल्या. बटण दाबलं, आणि मामाचं गाणं वाजायच्या आधी गाडीत एक शिट्टी वाजायला लागली.

कुंऽऽई. अॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची. गाडी उभी, इंजिन चालू, टेपचा आवाज शून्यावर, तरी ती होतीच. गोळपच्या चढावर गियर बदलला की शिट्टीही सूर बदलायची. मागे बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

या शिट्टीचा उगम आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. गाडीचा अल्टरनेटर आत उलटसुलट वाहणारी वीजच तयार करतो. डायोड तिला एका दिशेला वळवतात, पण वळवून झाल्यावरही तिच्यावर बारीक लहरी उरतात. इंजिन जितकं जोरात, तितक्या त्या लहरी दाट, तितका सूर वर. बॅटरी त्यातल्या बऱ्याचशा गिळते. उरलेल्या तिथे ऐकू येतात जिथे टेपचा मायनस आणि अँपचा मायनस यांच्यात थोडासा का होईना फरक पडतो. तो फरक टेपमधून अँपला गाणं पोचवणाऱ्या आरसीए वायरच्या जाळीतून वाट काढतो, अँपला ते गाणंच वाटतं, आणि अँप ते इमानाने मोठं करून देतो.

सतराव्या वर्षी त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने आरसीए पिना बदलल्या. त्या वायरी प्लसच्या वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या अंगाने ओढल्या. हे करायलाच हवं होतं, पण शिट्टी राहिली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी वायरीला गुंडाळली. बाजारातून नॉइज फिल्टर आणून लावला, त्याने शिट्टी जरा घोगरी झाली. असे तीन आठवडे गेले. मामा काही बोलला नाही, पण एका संध्याकाळी त्याने गाडी परस्पर मिरकरवाड्याला नेली.

तिथे चाचा होते. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला पत्र्याची एक शेड, आत बॅटऱ्या, डायनॅमो, ट्रॉलरवरचे दिवे. चाचांचं मूळ काम बोटींच्या वायरिंगचं. गाड्या ते सवडीने करायचे. त्यांनी टेपला हात लावला नाही, अँपही उघडला नाही. डोकं आत घालून शिट्टी ऐकली, दोनदा अॅक्सिलरेटर दाबायला लावला आणि पोराला विचारलं, “मायनस कुठं मारलास?”

“सीटच्या बोल्टला.”

“खाली पत्रा आहे का रंग?”

त्याला प्रश्नच कळला नाही. बोल्ट लोखंडाचा, गाडी लोखंडाची, रंगाचा काय संबंध? चाचांनी बोल्ट काढला. खिशातून एक झिजलेली अर्धगोल कानस काढली. त्या काळी जे. के. फाईल्सच्या रत्नागिरीतल्या कारखान्यात कानशी बनत, त्यामुळे गावात कानस नसलेला कारागीर विरळाच. बोल्टभोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा घासून त्यांनी पत्रा पांढरा केला. वायर परत आवळली. “लाव.”

इंजिन चालू झालं. आणि त्याला वाटलं, टेप बंद पडला.

ही आठवण त्याला सोडत नाही. गाडीत काहीच वाजत नव्हतं. तीन आठवड्यांत त्याच्या कानाला शिट्टीची इतकी सवय झाली होती की ती गेल्यावर उरलं ते बिघाडासारखं वाटलं. चाचांनी अॅक्सिलरेटर पार खाली दाबला. इंजिन ओरडलं, बाहेर कावळे उडाले, आणि स्पीकरमधून काहीही आलं नाही. त्यानंतर त्याने गाड्यांत पुष्कळ मोठे आवाज बसवले, ऐकले, दुरुस्त केले. त्या कशानेही अंगावर असा काटा उभा राहिला नाही.

चाचांना मायनसच आधी का सुचला, हे त्याला फार उशिरा, मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर कळलं. बोट लाकडाची, नाहीतर फायबरची. दोन्हीतून वीज जात नाही. तिथे दिव्याला, पंपाला, वायरलेसला, प्रत्येकाला जाणारी एक वायर आणि परत येणारी एक वायर ओढावीच लागते. गाडीत परतीची वायर दिसत नाही, कारण अख्खा पत्राच परतीची वायर असतो. म्हणून गाडीवर शिकलेला माणूस प्लसचा विचार करतो. लाल वायर जाड घेतो, महाग घेतो, तिला मान देतो, आणि काळी कुठेतरी बोल्टला अडकवून मोकळा होतो. बोटीवर शिकलेला माणूस असं करूच शकत नाही. बॅटरीतून जितकी वीज निघते तितकीच तिला परत पोचवावी लागते, हे त्याच्या हातात मुरलेलं असतं. शिवाय खारा वारा. मांडवी, भाट्ये, मिऱ्या. या गावाच्या तीन बाजूंना पाणी आहे, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन मीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तांब्याची लग, लोखंडाचा पत्रा आणि मध्ये खारट ओल असली की तिथे एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि त्यात नेहमी पत्रा हरतो. घाटावरच्या गाडीत दहा वर्षं टिकणारी जोडणी इथे तीन पावसांत पिठासारखी होते.

चाचांचं हे ज्ञान कुठल्या पुस्तकात लिहिलेलं त्याला सापडलं नाही. म्हणून इथे एवढं सविस्तर.

भाच्याच्या गाडीत त्यानेही आधी मायनसच तपासला. चाचांकडे हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब एकत्र बांधलेले असायचे, तशी जोडी त्याच्याकडेही आहे. अँपची लाल आणि काळी वायर सोडून ती त्या बल्बांना जोडली. दोन्ही बल्ब मिळून नऊ अँपिअर खातात. बल्ब पेटते ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं काळ्या वायरच्या टोकावर. तिथे शून्य दिसायला हवं. व्होल्टच्या शंभर भागांतले दोन-चार दिसले तरी चालेल. दिसले ०.४.

“पॉइंट चारच आहे ना?” भाचा म्हणाला.

मग त्याला अंगणातच हिशेब सांगावा लागला. हा अँप ४०० वॅटचा, खरोखरच्या ४०० चा. घरच्या २३० व्होल्टवर ४०० वॅटचं यंत्र पावणेदोन अँपिअर घेतं. पातळ वायर पुरते. गाडीत व्होल्ट चौदाच्या आत, आणि अँप घेतलेल्या विजेचा चौथा हिस्सा तरी उष्णतेत घालवतो. म्हणजे भर ठोक्याला अडतीस-एकोणचाळीस अँपिअर. नऊला ०.४ पडतात तर अडतीसला १.७ व्होल्ट. तेवढे त्या एका बोल्टखाली गेले. आणि १.७ गुणिले ३८ म्हणजे जवळजवळ पासष्ट वॅट. बेसच्या प्रत्येक ठोक्याला एका जुन्या साठच्या बल्बाएवढी उष्णता रंगाच्या त्या थराखाली तयार होत होती.

पुढची साखळी सोपी आहे आणि ती दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या गाडीत घडते. अँपला वीज पुरेना, म्हणून बेस लुळा. बेस लुळा म्हणून दुकानातल्या पोराने गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, बेस बूस्टही पूर्ण. आता अँपकडे मागणी दुप्पट आणि वीज तेवढीच. लाटेचा गोल माथा छाटला जातो, सपाट होतो. सपाट माथ्याची लाट त्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा कॉइलमध्ये जास्त ताकद ओतते आणि कॉइलला निवायला उसंत देत नाही. वॉर्निश उकळतं. वास येतो. दुकानवाला म्हणतो, पीस खराब.

ज्याने हा वूफर बसवला तो वाईट माणूस नसेल. त्याला कोणी शिकवलं नसेल, आणि गिऱ्हाईकाला अर्ध्या तासात गाडी हवी असेल. पण रंगावर मायनस मारणाऱ्याला त्याने अजून मनातून माफ केलेलं नाही. त्याच रागात आणखी दोन गोष्टी येतात. एक, त्या झगझगीत लाल-निळ्या वायरी, ज्या कापल्या की आत तांब्याचा नुसता मुलामा आणि पोटात अॅल्युमिनियम. जाडी दिसते ती बहुतेक प्लास्टिकची. त्याच पावस रस्त्याला गोळपच्या खाली, रनपारला, फिनोलेक्सचा पीव्हीसीचा मोठा कारखाना आहे. पीव्हीसी ही उत्तम वस्तू आहे, तिच्यामुळे वायरी सुरक्षित झाल्या. पण वीज वाहून नेते तांबं, आणि पैसे तांब्याचे द्यायचे असतात.

दुसरा राग वॅटचा. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर हजार-बाराशे पीएमपीओ छापलेलं असायचं आणि लोक त्या आकड्यावर भाव करायचे. तो आकडा म्हणजे क्षणाच्या कुठल्या तरी तुकड्यात, कुठल्या तरी कल्पित परिस्थितीत निघू शकेल अशी ताकद. तो मोजायची एकमताची रीतच नव्हती. आजही गाडीच्या स्टिरिओवर ‘५० × ४’ लिहिलेलं असतं. साध्या स्टिरिओत व्होल्ट वाढवणारं काही नसतं. १४.४ व्होल्टमधून चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, न छाटलेली अशी जास्तीत जास्त २६ वॅट ताकद मिळते. हे गणित आहे, त्याला कंपनी बदलून फरक पडत नाही. वेगळा अँप लागतो तो याचसाठी: तो आत बारा व्होल्टचे आधी कितीतरी जास्त व्होल्ट करून घेतो. म्हणून घेताना आरएमएस, म्हणजे सलग निघणारी ताकद, विचारा. बाकी आकडे खोक्यावरच राहू द्या.

इथे रे डॉल्बी नावाचा एक अमेरिकन माणूस मध्येच येतो. त्याचा रत्नागिरीशी काही संबंध नाही. पण कोल्हापूर-साताऱ्याकडून आंबा घाट उतरून त्याचं नाव इथवर आलं, आणि ते ज्या अर्थाने आलं ते ऐकलं की आमच्या या माणसाला आजही वाईट वाटतं. मिरवणुकीतल्या छाती हादरवणाऱ्या भिंतींना आपण ‘डॉल्बी’ म्हणतो. ‘डॉल्बी लावला’, ‘डॉल्बीवर बंदी’. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ ही दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा काढली, आणि तिथे पहिलं काम केलं ते टेपवरची ‘स्सऽऽ’ अशी खरखर घालवण्याचं. मामाच्या टेपच्या दारावर तेच नाव बारीक अक्षरांत होतं. कॅसेट लावून त्या नावाचं बटण दाबलं की मागची सळसळ ओसरायची. शांततेवर काम केलेल्या माणसाचं नाव आपण सगळ्यात कर्कश वस्तूला देऊन बसलो आहोत. आता ते बदलणार नाही. तरी तो स्वतः कधी तसं म्हणत नाही. म्हणायचंच झालं तर ‘भिंत’ म्हणतो.

आवाजाच्या नियमांची चर्चा निघाली की तो गाडीवाल्यांच्या बाजूने उभा राहत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा त्याला योग्य वाटते. गाडीतल्या माणसाला एक गोष्ट कळत नाही. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, गाडीच्या दुप्पट. गाडीच्या पत्र्याला, काचांना, आणि ज्या घरावरून गाडी जाते त्या घराच्या दारालाही ती फारशी अडत नाही. गाण्याचे शब्द, सनई, गळा सगळं गाडीतच राहतं, आणि रस्त्याकाठच्या म्हाताऱ्याच्या छातीवर येतो तो नुसता धप्प धप्प असा ठोका, गाण्यातून सोलून काढलेला. रात्री माळनाक्यावरून अशी गाडी गेली की त्याला गाडीवाल्याचा राग येतो आणि त्याच वेळी ऐकायला येतं की हिचीही नंबर प्लेट खुळखुळते आहे, मागे फोमचा एक तुकडा लावला असता तर बरं झालं असतं.

पण बेस वाईट नव्हे. बेस या भूमीत वूफरच्या आधीपासून आहे. शिमग्याला पालखीपुढचा ढोल ज्याने लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ऐकला, त्याला ठोका आधी पोटात लागतो आणि मग कानात, हे कोणी समजावून द्यावं लागत नाही. मामाला ‘पोट’ हा शब्द तिथूनच मिळाला असणार.

चाचांच्या शेडमधली ती गोष्ट तिथे संपली नव्हती. आतापर्यंत त्याने ती कोणाला पुढे सांगितली नाही.

शांतता झाल्यावर मामाने डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक कॅसेट काढली. तिच्यावर निळ्या शाईने नुसतं ‘नमन’ लिहिलेलं होतं. मामाचे वडील, म्हणजे याचे आजोबा, संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या गावी नमनात मृदंग वाजवायचे. ऐंशीच्या दशकात कधीतरी कोणीतरी समोर टू-इन-वन ठेवून तो रात्रीचा खेळ भरून घेतला होता. आजोबा गेल्यावर ती कॅसेट घरात शंभरदा वाजली असेल. टू-इन-वनच्या चार इंची स्पीकरवर त्यात ऐकू यायचे झांजा, गणाचा आवाज, मध्येच खोकणारा एक माणूस, आणि मृदंगाच्या उजव्या हाताची टकटक. डावा हात कधीच आला नव्हता. सगळ्यांना वाटायचं, भरलंच गेलं नाही.

ते भरलं गेलं होतं. टेपवर ते बारा-पंधरा वर्षं पडून होतं. चार इंची कोन हवेला तेवढं ढकलूच शकत नव्हता. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये आपल्या तालवाद्यांवर लिहिलं. साधा ढोल बेसूर घुमतो आणि तबला-मृदंग सुरात बोलतो, कारण कातड्यावर चढवलेला शाईचा थर त्याच्या कंपनांना रांगेत आणतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आजोबांना रामन ठाऊक नव्हते. ते डाव्या तोंडाला ओली कणीक थापायचे, अंगठ्याने दाबून बघायचे, जास्त झाली तर चिमूटभर काढायचे.

दहा इंची वूफरमधून तो डावा हात आला. घुमत, खाली घसरत, परत वर येत. शेडचा पत्रा एका जागी बारीक झणझणला. चाचांनी हातातली कानस खाली ठेवली. मामा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आबांचा हात.” एवढंच.

शिट्टी असताना हे ऐकू आलं असतं का? आलं असतंही. पण मामाने ती कॅसेट लावली नसती.

पुढे मामा चिपळूणला मुलाकडे राहायला गेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, बाजारपेठेत माणूस बुडेल याहून वर चढलं. पाणी उतरल्यावर आठवडाभराने हा तिथे गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाने भरलेल्या गाड्या होत्या. पुढच्या दोन महिन्यांत त्याने आणि चाचांनी मिळून चिपळूणहून आलेले नऊ अँप धुतले. आधी साध्या पाण्याने, मऊ ब्रशने, ट्रान्सफॉर्मरच्या खालचा गाळ काडीने उकरून, मग स्पिरिटने, मग चार-चार दिवस वाळवण. नऊपैकी सहा चालू झाले. न चाललेले तिन्ही असे होते की ज्यांच्या मालकांनी पाणी उतरल्यावर चावी फिरवून बघितली होती. गढूळ पाण्यात वीज सोडली की सर्किटच्या रेषा काही मिनिटांत खाल्ल्या जातात. न सोडली तर तेच नुकसान व्हायला पुष्कळ वेळ लागतो.

मामाच्या घरातल्या कॅसेटी पत्र्याच्या पेटीत होत्या. पेटी चिखलाने भरली होती. ‘नमन’ लिहिलेली त्याने ओळखली ती निळ्या शाईच्या डागावरून. त्याने फीत सोडवली, साध्या पाण्यात धुतली, अंगणात दोरीवर सुतासारखी वाळत घातली. जिथे जिथे थर एकमेकांना चिकटले होते तिथे तपकिरी लेप निघून आला आणि खालचं पारदर्शक प्लास्टिक दिसायला लागलं. त्या लेपातच सगळं असतं. तिची दुसरी प्रत कोणी केलेली नव्हती. त्यानेही नाही, आणि त्याच्याकडे त्यासाठी पंचवीस वर्षं होती.

चाचा त्यानंतर दोन पावसाळे होते.

भाच्याच्या गाडीचं काम रविवारी पूर्ण झालं. वूफरची कॉइल आणि कोन बदलून आणला. डबा एमडीएफचा होता आणि तळाशी फुगायला लागला होता, इथल्या हवेत तो फुगतोच; तो काढून वॉटरप्रूफ प्लायवूडचा केला, सांधे आतून बुजवले. लाल वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाकला. आधी तो मागे अँपजवळ होता. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. पुढे कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर मागचा फ्यूज काही करू शकत नाही, आणि आग लागते ती त्या मधल्या वायरीत. काळी वायर हातभरच ठेवली. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावला नाही, तो जिवासाठी आहे. शेजारी नवीन भोक पाडून, रुपयाएवढा रंग घासून, पत्रा पांढरा करून लग आवळली आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. बल्बांची जोडी जोडली. मीटरने ०.०२ दाखवलं.

गेन त्याने कानाने लावला नाही. वूफर सोडवून, बेस बूस्ट शून्यावर ठेवून, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत नेऊन पन्नास हर्ट्झचा सलग सूर लावला आणि अँपच्या तोंडावर मीटर धरला. चारशे वॅट गुणिले चार ओहम, सोळाशे. त्याचं वर्गमूळ चाळीस. मीटर चाळीस व्होल्टला पोचला तिथे बटण थांबवलं. पूर्वी ते पाचच्या काट्यावर होतं, आता दोनच्याही खाली आलं. भाच्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं आवाज कमी होणार.

“गाणं नंतर,” तो म्हणाला. “आधी नुसती गाडी चालू कर.”

भाच्याने चावी फिरवली. स्टिरिओ चालू, आवाज शून्यावर. त्याने अॅक्सिलरेटर दाबायला सांगितला, आणखी, पार खाली. इंजिन ओरडलं. मागून काहीच आलं नाही.

“बंद पडला का?” भाचा म्हणाला.

रत्नागिरीत, दापोलीत, मालवणात, जिथे जिथे खारा वारा गाडीला लागतो तिथल्या ज्यांच्या गाडीत अँप आहे त्यांना एकच विनंती. मृग लागायच्या आत एकदा डिकीतलं कार्पेट उचला, काळी वायर जिथे संपते तो बोल्ट काढा आणि खाली पत्रा आहे की रंग ते बघा.